जुनी मारुती झेन घरच्या अंगणात ट्रॅक डेसाठी तयार करता येईल का?

प्रश्न असा आहे: मी रत्नागिरीजवळ राहतो. घरी 2003 सालची पेट्रोल झेन चार वर्षं उभी आहे. बाबा ती भंगारात द्यायची म्हणतात. मला ती घरीच ट्रॅक डेसाठी, म्हणजे रेसिंग ट्रॅकवर आपली गाडी आपणच चालवायच्या दिवसासाठी, तयार करायची आहे. दीड लाखापर्यंत खर्च करू शकतो. इंजिनापासून सुरुवात करू का?

तयार करता येईल, पण इंजिनापासून नको. आधी गाडीखाली आडवे व्हा. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात जुना स्क्रूड्रायव्हर. पहिले पंधरा दिवस इंजिनाला हातच लावू नका.

मी कुडाळकडचा. काजूच्या कारखान्यात मशिनं सांभाळतो, त्यामुळे पाना-पक्कड हातात नवी नव्हती. आमच्या मांगरात 1999 सालच्या झेनवर मी तीन हंगाम काम केलं आणि शेवटी ती कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवे ह्या रेसिंग ट्रॅकवर चालवली. माझं जे चुकलं तेही खाली लिहितो, कारण तुमची गाडी आणि माझी गाडी एकाच खाऱ्या वाऱ्यात उभ्या राहिलेल्या आहेत.

पुण्यातली वीस वर्षांची झेन आणि किनाऱ्यावरची वीस वर्षांची झेन ह्या दोन वेगळ्या गाड्या समजा. आपल्याकडे चार महिने पत्रा वाळत नाही आणि उरलेले आठ महिने त्यावर मीठ बसत राहतं. त्यात तांबडी माती चाकाच्या कमानीत जाऊन बसते आणि ओल धरून ठेवते. गंज आतून बाहेर येतो. रंगाला फोड दिसेपर्यंत आतला पत्रा संपलेला असतो. ट्रॅकवर वळणात गाडीचा बहुतेक भार एका बाजूच्या दोन चाकांवर येतो, आणि तो भार घ्यायचा असतो नेमका ह्याच पत्र्याने.

कुठे बघायचं ते सांगतो. पुढच्या शॉकॲब्सॉर्बरचे दोन्ही टॉवर (त्यांचं वरचं टोक धरणारा उंच पत्रा), बॅटरीच्या ट्रेखालचा पत्रा, ड्रायव्हरच्या पायाखालचं फ्लोअर (मॅट आणि कार्पेट उचलून, वरवर नाही), दरवाजांखालची पोकळ पट्टी जिथे आपण जॅक लावतो, मागच्या शॉकॲब्सॉर्बरचं वरचं माउंटिंग आणि मागच्या एक्सलचे आर्म बॉडीला जिथे बोल्ट होतात ती जागा. नारळ वाजवून बघतो तसं छोट्या हातोडीनं ठोकत जा. चांगला पत्रा खणखणीत बोलतो, कुजलेला थबथब करतो. थबथब आली तिथे स्क्रूड्रायव्हर टोचा. आत गेला तर तो भाग कापून नवा पत्रा घालायला लागेल.

फ्लोअरला किंवा बाजूच्या पट्टीला भोकं असतील तर घाबरू नका, ते काम होतं. पण मागच्या आर्मच्या जागा दोन्हीकडे गेल्या असतील, किंवा टॉवरच्या घडीत गंज शिरला असेल, तर बाबांचं ऐका आणि दुसरी बॉडी शोधा. दुसरी घेताना मालकाला एकच गोष्ट विचारा, गाडी कधी पुळणीवर नेली होती का. समुद्राच्या पाण्यातून एकदाही गेलेली गाडी फुकट दिली तरी आणू नका.

वेल्डिंग सीओटूचंच (तारेनं होणारं मिग वेल्डिंग) करून घ्या. गाडीचा पत्रा एक मिलिमीटरच्याही आतला असतो, गॅसच्या ज्योतीनं तो वाकडातिकडा होतो. एका जागी लांब शिवण न मारता थोडं इथे, थोडं तिथे, असे टाके मारत जायचं. वेल्डिंगआधी बॅटरी सोडवा, आणि मागच्या भागात काम असेल तर पेट्रोलची टाकी उतरवा. टाकी रिकामी आहे म्हणून चालतं असं कोणी सांगितलं तर त्याला काम देऊ नका, रिकाम्या टाकीतली वाफच पेट घेते. हे सगळं दिवाळी ते मे ह्या काळात उरका. दमट हवेत मारलेल्या प्राइमरखाली ओल अडकते आणि पुढच्या दिवाळीला तोच गंज पुन्हा भेटतो. माझा पहिला हंगाम असाच वाया गेला, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात हट्टानं रंग मारला होता.

एक कळकळीची विनंती. आपल्याकडे गाडी चिऱ्यांवर टेकवून खाली शिरायची पद्धत आहे. तसं करू नका. जांभा घर उभं करायला चांगला, पण गाडीचं वजन एका टोकावर आलं की चिरा फुटतो आणि फुटण्याआधी काही सांगत नाही. दोन चांगले लोखंडी स्टँड घ्या, खळ्याची जमीन मऊ असेल तर खाली जाड फळी घाला, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका.

आता ब्रेक. पैसे आणि वेळ, दोन्ही इथे ओता.

ताशी 100 वरून 60 वर येताना ब्रेकला जेवढी उष्णता पचवावी लागते, ती 60 वरून पूर्ण थांबण्यापेक्षा पावणेदोन पटीहून जास्त असते, कारण वेगाची ऊर्जा वर्गाच्या हिशेबानं वाढते. रस्त्यावर असा जोराचा ब्रेक दिवसातून एखाद-दोनदा लागतो. ट्रॅकवर प्रत्येक फेरीत तीन-चारदा, आणि मध्ये डिस्क थंड व्हायला वेळ नाही. उष्णता पॅडमधून कॅलिपरमध्ये आणि तिथून ब्रेक ऑइलमध्ये उतरते. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, म्हणून पेडल सरळ खाली जातं.

आणि ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात आपल्या बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ना, त्याच हवेत ही बाटलीही उभी असते. नवं कोरं डॉट 3 दर्जाचं ब्रेक ऑइल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी प्यायल्यावर तीच मर्यादा 140 वर येते. डॉट 4 ची 230 वरून 155 वर. मी मागच्या वर्षीची अर्धी राहिलेली बाटली वापरली होती, झाकण घट्ट होतं म्हणून. तिसऱ्या फेरीत पेडल फ्लोअरला टेकलं आणि मी वळण सोडून मातीत गेलो. गाडीला काही झालं नाही, मलाही नाही, पण ती दोन सेकंदं मी विसरलेलो नाही. सीलबंद डबा आणा, डॉट 4 किंवा डॉट 5.1, ट्रॅकला जायच्या आठवड्यातच भरा, चारही चाकांच्या ब्रेकमधली एअर काढा आणि उरलेलं फेकून द्या. नुसतं डॉट 5 लिहिलेलं सिलिकॉनचं असतं, ते ह्या सिस्टिममध्ये घालायचं नाही.

त्याच वेळी बॉडीखालून मागे जाणारे ब्रेकचे लोखंडी पाइप बदला. ते क्लिपच्या आत गंजतात, बाहेरून दिसत नाहीत. मी क्लिप काढली तेव्हा पाइप बोटांनी चुरला. पेट्रोलचा पाइपही त्याच रांगेतून जातो, तोही बघा. पुढच्या डिस्क नव्या, चांगल्या कंपनीचे पॅड, कॅलिपरची रबर किट, मागे नवे लायनर आणि व्हील सिलेंडर, रबरी होज सगळे नवे. ह्यात काही भारी नाही, सगळं साधं दुकानी सामान आहे, आणि पहिल्या वर्षाला ते पुरतं.

टायरवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. तुमच्या गाडीचे टायर चार वर्षं एकाच जागी उभे आहेत, नक्षी कितीही शिल्लक दिसली तरी ते बदला. लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, चाकांचे बेअरिंग नवे घाला. स्प्रिंग कापून गाडी खाली बसवू नका, कापलेली स्प्रिंग जागेवर नीट बसत नाही आणि शॉकॲब्सॉर्बर टेकायला लागतो.

वजन कमी करणं हे सगळ्यात स्वस्त आणि माझं सगळ्यात आवडतं काम. आंब्याच्या पेट्या मोजायच्या काट्यावर मी एकेक वस्तू ठेवत गेलो. मागचं सीट 14 किलो, स्टेपनी आणि जॅक मिळून 13, कार्पेट आणि त्याखालच्या डांबरी पट्ट्या 11, एसीचं सगळं सामान 18. मुळात सव्वासातशे किलोच्या आसपासची गाडी, तिच्यातून 56 किलो उतरले. वळताना, थांबताना, पळताना, तिन्ही वेळा ते कळतं. डांबरी पट्ट्या काढल्यावर फ्लोअरचा खरा चेहराही दिसतो, माझ्या गाडीत दोन भोकं तिथेच सापडली. दरवाजातल्या आडव्या पट्ट्या, पुढची काच आणि मूळ सीटबेल्ट ह्यांना मात्र हात लावू नका.

रोल केजबद्दल, म्हणजे गाडी उलटली तर माणूस वाचावा म्हणून आत बसवतात त्या पाइपच्या पिंजऱ्याबद्दल, तुम्ही विचारलं नाहीत, पण फोटो बघून मनात येणारच. माझ्याही आलं. गावातल्या ग्रिल बनवणाऱ्याकडून पाण्याच्या जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या पाइपची कमान वाकवून घेतली, जोडायला मीही बसलो. जस्ताच्या धुरानं त्या रात्री दोघांनाही थंडी वाजून ताप आला. पुढे नियम वाचले तेव्हा ती कमान कापून काढली. एफआयए ह्या मोटर रेसिंगच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमाप्रमाणे मुख्य कमानीला जोड नसलेला कोल्ड ड्रॉन स्टीलचा पाइप लागतो, 45 मिलिमीटर व्यासाचा अडीच मिलिमीटर जाड किंवा 50 चा दोन मिलिमीटर जाड, आणि बॉडीला टेकतो तिथे किमान 3 मिलिमीटर जाडीची, 120 चौरस सेंटिमीटरची प्लेट. ती प्लेट कुजलेल्या फ्लोअरवर बसवली तर गाडी उलटल्यावर पाइप फ्लोअर फोडून खाली जाईल. शिवाय हेल्मेट नसताना डोक्याजवळचा लोखंडी पाइप साध्या धडकेतही जीव घेऊ शकतो. पहिल्या वर्षी केज नको. मूळ सीट, मूळ बेल्ट, तोंड झाकणारं चांगलं हेल्मेट, आणि हाताला लागेल असं पक्कं बोल्ट केलेलं दोन किलोचं अग्निशामक. चार पट्ट्यांचा हार्नेस साध्या सीटवर लावू नका, धडकेत माणूस पट्ट्याखालून घसरतो.

इंजिन. 993 सीसी, त्याला जेवढी ताकद आहे तेवढी राहू द्या. करी स्पीडवे ज्यांच्या नावानं आहे त्या एस. करिवर्धन ह्यांनी मारुती 800 चं 796 सीसी इंजिन घेऊन फॉर्म्युला मारुती ही एका सीटची रेसिंग गाडी बनवली होती आणि त्या छोट्या गाड्यांवर आपल्याकडचे कितीतरी रेसर शिकले. तो ट्रॅक 2.1 किलोमीटरचा, वळणावळणाचा आहे, तिथे नवशिक्याचं इंजिन कमी पडत नाही. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, रेडिएटरचे होज नवे घाला, रेडिएटर आतून साफ करून घ्या, कूलंट भरा, विहिरीचं पाणी नाही. ऑइल नवं घाला आणि पट्टीवर वरच्या खुणेपर्यंत ठेवा, कारण लांब वळणात ऑइल चेंबरच्या एका बाजूला जातं आणि पंप कोरडा ओढतो. टाकीतलं चार वर्षांपूर्वीचं पेट्रोल काढून टाका, नाहीतर पेट्रोलच्या बारीक वाटा तुंबतील.

कागदपत्रांचं आधी बघायला हवं होतं, पण असो. 2003 च्या गाडीची पहिली पंधरा वर्षं 2018 ला संपली. पुढे पाच-पाच वर्षांनी आरटीओत तपासणी, पर्यावरण कर आणि नूतनीकरण. ते झालेलं नसेल तर गाडी रस्त्यावर आणता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ बांधणीत बदल करू देत नाही, आणि सुप्रीम कोर्टानं जानेवारी 2019 मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. म्हणून दोनच रस्ते आहेत. एकतर सगळं परत बसवता येईल असं ठेवा, सीट आणि स्टेपनी ट्रॅकवर पोचल्यावर काढा. नाहीतर गाडी फ्लॅटबेड ट्रकवरूनच न्या. रत्नागिरीहून कोइम्बतूर हजार किलोमीटरच्या घरात आहे, ह्या भाड्याचा हिशेब दीड लाखात आत्ताच धरा. विम्याची पॉलिसीही वाचा, शर्यत आणि वेगाची चाचणी त्यातून वगळलेली असते. ट्रॅकवर जे मोडेल ते आपलं.

आणि गाडी तयार झाली की आंबा घाटात किंवा गगनबावड्याला "जरा बघूया" म्हणून नेऊ नका. त्या वळणापलीकडे एसटी असते, गुरं असतात, लाकूड घेऊन चालणारी बाई असते.

ट्रॅकवर पहिल्या सत्रात पाच-सहा फेऱ्याच मारा आणि शेवटची फेरी ब्रेक न वापरता हळू करा, म्हणजे डिस्कला वारा लागेल. थांबल्यावर हँडब्रेक ओढू नका, गरम ड्रमला लायनर चिकटतात. गियरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा. टायरची हवा लगेच मोजा, गरम झाल्यावर चार-पाच पौंड वाढलेली असते, तेवढी कमी करा. मग बॉनेट उघडून सगळं बघा, चाकांचे नट पुन्हा आवळा.

माझे एकूण एक लाख तीस हजार गेले, वाहतूक वेगळी. त्यातले निम्म्याहून जास्त पत्रा आणि ब्रेक ह्यांत.

ठोकून झालं की मागच्या आर्मच्या जागेचे दोन्ही बाजूंचे फोटो टाका, माती आधी धुऊन. ते बघून गाडी ठेवायची की नाही ते सांगतो.