‘डोपामिन’च्या शेपटातला नवसागर

ऐरोलीच्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे: पालकसभेच्या फलकावर डोपामिन या मेंदूतल्या रसायनाला ‘आनंदसंप्रेरक’ लिहिले तर चालेल का? आणि हे नाव ‘डोप’ म्हणजे नशेवरून आले का?

दुसऱ्याचे उत्तर आधी: नाही. नशेचे ‘डोप’ डच भाषेतून आले, तिथे त्याचा अर्थ बुडवून खायचे पातळ कालवण. आपले ‘डोपा’ म्हणजे जर्मन ‘डाय-ऑक्सि-फेनिल-अ‍ॅलनिन’ची आद्याक्षरे. डोपामिन हे रसायन १९१० मध्येच लंडनला तयार झाले होते. सुटसुटीत नाव ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ हेन्री डेल यांनी १९५२ मध्ये सुचवले.

खरी गंमत शेपटात आहे. ‘डोपा’ला जोडलेले ‘अमाइन’ आले अमोनियावरून, अमोनिया ‘अमोनच्या मिठा’वरून, म्हणजे इजिप्तमधल्या सीवाच्या ओअ‍ॅसिसमधल्या अमोन देवाच्या देवळावरून. ते मीठ म्हणजे आपल्या कल्हईवाल्याचा नवसागर! तापल्या पातेल्यात तो चिमूटभर टाकतो, पांढरा धूर उठतो, नाक झोंबते. ते झोंबणे अमोनियाचे. बरोबर सुटणारे आम्ल तांब्यावरचा काळा थर खाते, म्हणून कथील धरते. नवसागर कमी पडला तर कथलाच्या गोळ्या होऊन पातेल्यात नुसत्या घरंगळतात.

नवसागराचा सागराशी काडीचा संबंध नाही. फारसी ‘नौशादर’ मराठी तोंडात घोळून ‘सागर’ झाला. समुद्राच्या मिठाशी नाते जोडणाऱ्यांना ठाण्याच्या खाडीवर नेऊन विचारावे, यात नवसागर कुठे दिसतो? रसग्रंथांतला ‘नवसार’ दाखवून शब्द मूळचा संस्कृत ठरवणाऱ्यांनीही ‘नव’ म्हणजे नेमके काय नवे ते सांगावे. मला पटते ती ‘अनोश-आदुर’, अमर अग्नी, ही व्युत्पत्ती. मध्य आशियात धुमसत्या कोळशाच्या भेगांवर नवसागराची पुटे चढतात. तिथे हे नाव सुचायला पंडित लागत नाही.

आता ‘आनंदसंप्रेरक’. संप्रेरक रक्तातून दूर जाते. शिकण्याच्या कामात डोपामिन चेतापारेषक आहे, म्हणजे एका चेतापेशीचा निरोप दुसरीकडे नेणारे. संप्रेरक म्हणून ते दूध आणणाऱ्या प्रोलॅक्टिनला लगाम घालते, पण त्यात कसला आलाय आनंद! ‘आनंद’ तर त्याहून चुकीचा. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांनी तो इतका घोटून बसवलाय की आता ‘डोपामिन डिटॉक्स’ निघाले. अहो, ते विष नाही. त्याच्या पेशी मरू लागल्या की कंपवात होतो.

ठाण्याला नऊ-दहा नंबरवर पनवेल लोकलसाठी उभा असलेला माणूस घ्या. ध्यानीमनी नसता खिडकी मिळाली, की मध्यमेंदूतल्या ज्या पेशी एरवी सेकंदाला तीन-पाच वेळा टिकटिकतात त्या क्षणभर वीसेकच्या वेगाने धडधडतात. तो रोज त्याच खांबाशी उभा राहू लागला आणि खिडकी हमखास मिळू लागली, की धडधड खांब दिसण्यावर सरकते. खिडकीत बसताना नुसती नेहमीची टिकटिक. वारा तोच, सुखही तेच. बातमी मात्र शिळी. मग एके दिवशी गाडी चार हात पुढे थांबते, खिडकी जाते, आणि नेमक्या त्या क्षणी टिकटिकही बंद पडते.

हे आकडे मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्स यांच्या माकडांचे आहेत. तिथे खांबाजागी दिवा होता आणि खिडकीजागी रसाचे थेंब. १९९७ मध्ये डायन आणि मॉन्टेग्यू यांच्यासह त्यांनी त्याचा हिशोब मांडला: मिळाले ते वजा वाटले होते ते. याला मी ‘अंदाजफरक’ म्हणतो. ‘प्रत्याशा-त्रुटी’ म्हणणाऱ्यांनी तो शब्द एकदा पाचवीच्या वर्गात उच्चारून पाहावा.

हा फरक शिकवतो कसा? नुकत्याच वापरलेल्या चेताजोडांवर, म्हणजे चेतापेशी एकमेकींना जोडल्या जातात तिथे, डोपामिन वेळेत पोचले तर ते जोड पक्के होतात. उंदरांत हा अवधी एक-दोन सेकंदांचा भरतो. म्हणून गणित चुकले हे तिथल्या तिथे कळायला हवे. आठवड्याने परत आलेल्या वहीतला शेरा समजून घेऊन लक्षात ठेवता येतो, पण ते खाते वेगळे. रोज ठरल्या वेळी ठरलेले चॉकलेटही काही दिवसांत खिडकीसारखेच होते: मूल खाते आवडीने, शिकत काही नाही.

केळ्यात डोपामिन असते, म्हणून परीक्षेआधी केळे? पोट भरेल. रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर डोपामिनला ओलांडता येत नाही; ज्यापासून मेंदूत डोपामिन बनते त्या डोपाला येतो. हा डोपा खाजकुइलीच्या बियांत भरपूर असतो, मद्रासमध्ये १९३७ ला तो त्यातून वेगळा काढला होता. ‘खाजकुइली’ शब्दावरही बोलण्यासारखे पुष्कळ आहे, पण फलक आधी.

त्यावर नुसते ‘डोपामिन’ लिहा. जागा उरली तर कल्हईचे पातेले काढा.