रत्नागिरीत गाडी उघड्यावर उभी असते. भर पावसाळ्यात वॅक्स केलं तर चालेल का?

चालेल, पण पत्रा पूर्ण कोरडा हवा. खरा मुहूर्त मे अखेरचा. तो चुकला असेल तर उघडीप बघून पडवीत किंवा शेडखाली करा.

आधी धुणं नीट करा, कारण ओरखडे तिथेच पडतात. जांभ्याची तांबडी माती वाळली की तिच्यात बारीक खर असते. तिच्यावर कोरडं फडकं कधीच फिरवू नका. पाइपाने भरपूर पाणी मारून चिखल सुटू द्या, मग कार शाम्पू आणि दोन बादल्या: एक फेसाची, एक कापड खळबळायची. चाकांवरच्या कमानी आतून धुवा, खारी माती तिथेच साचते. मायक्रोफायबरने पुसल्यावर आरसे, दाराच्या कडा, नंबर प्लेटमागे पाणी उरतं. वॅक्स लावताना तेच ओघळतं आणि पांढरे डाग पडतात. म्हणून वीस मिनिटं थांबून पुन्हा पुसा.

वॅक्स अगदी पातळ, एका वेळी एकच भाग. दमट हवेत ते सुकायला वेळ लागतो. बोट फिरवून बघा: खाली चकचकीत दिसलं तर पुसा, फराटा उठला तर थांबा. जाड थर जास्त टिकत नाही, फक्त चिकटतो.

कार्नोबा, म्हणजे ताडाच्या जातीच्या झाडापासून मिळणारं नैसर्गिक वॅक्स, इथल्या पावसात महिना-दीड महिना टिकतं; सिंथेटिक सीलंट, म्हणजे वॅक्ससारखंच लावायचं कृत्रिम संरक्षक लेपन, जास्त टिकतं, म्हणून उघड्यावरच्या गाडीला मी तेच सुचवेन. पाण्याचे टपोरे थेंब होईनासे झाले की पुन्हा लावा.

ओल्या गाडीवर ताडपत्री मात्र नको. आत कोंडलेली वाफ रंगावर धुरकट चट्टे आणते.