मोहतर्फा हे गाव नाही, आडनावही नाही

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. आत्यांच्या ट्रंकेत एक जुना मोडी कागद सापडला, ओळखीतल्या एकांनी त्याचं देवनागरीत करून दिलं, त्यात वर 'मोहोतर्फा' एवढाच शब्द आणि खाली नावांची रांग. तिसरी ओळ आहे 'राणू बिन धोंडजी माग १ रु २॥'. घरात वंशावळ लिहायचं चाललंय, राणू हे नाव आजीच्या तोंडून ऐकलेलं आहेच, त्यामुळे सगळे खूश. घरच्यांचं म्हणणं, 'मोह' नावाची एखादी तर्फ असणार आणि आपण मूळचे तिथले, काकांनी तर नकाशात मोह शोधायला पण घेतलंय. आणि 'माग १' म्हणजे मागची एक बाकी राहिली होती का, असं विचारलंय.

काकांना आधी थांबवा.

मोहतर्फा (मोहोतर्फा, मोहतरफा, मोतर्फा, लिहिणाऱ्याच्या हाताप्रमाणे काहीही) हा कर होता. शेतसारा जमिनीवर, तसा हा धंद्यावर. विणकर, तेली, रंगारी, तांबोळी, दुकानदार, म्हणजे गावात किंवा कसब्यात जो कोणी हुन्नर करून किंवा माल विकून पोट भरतो त्याच्याकडून दरसाल घ्यायची रक्कम. आणि ती बसवायची कशावर, तर जे डोळ्यांना दिसतं आणि मोजता येतं त्यावर. तेल्याचा घाणा, वाण्याचं दुकान, आणि कोष्टी-साळ्यांचा माग. तुमच्या ओळीतला माग तो हा. हातमाग, यंत्रमाग म्हणतो त्यातला माग. राणूच्या घरी एक माग चालू होता आणि त्याचे सरकारात अडीच रुपये लागत होते. तो २ च्या पुढचा दुहेरी दंड पूर्णविराम नाही हं, तो अर्धा आहे, एक उभी रेघ पाव, दोन अर्धा, तीन पाऊण. लिप्यंतर करून देणाऱ्यांनी तो तसाच ठेवला हे फार बरं झालं, मी असे कागद बघितलेत जिथे कुणीतरी हौसेने 'रु २' करून टाकलंय.

आता शब्द. मूळ अरबी आहे, हिर्फा म्हणजे धंदा, कसब, आणि त्यावरून मुहतरिफ म्हणजे धंदा करणारा. फारसी दफ्तरातून तो आपल्याकडे आला. अरबी-फारसी 'मुह' मराठी जिभेवर बसला की बहुतेक वेळा 'मोह' होतो, मुहल्ला-मोहल्ला, मुहीम-मोहीम, मुहर-मोहर, मुहर्रम-मोहरम, तसंच हे. म्हणजे त्यातल्या मोहाचा मोहाशी पण संबंध नाही आणि मोहाच्या झाडाशी पण नाही. उरला 'तर्फा'. तर्फ हा शब्द खराच आहे आणि त्याच कागदांमध्ये सारखा येतो म्हणून घोटाळा होतो. तर्फ म्हणजे बाजू, त्यावरून परगण्यापेक्षा लहान असा मुलखाचा तुकडा, आणि आज आपण 'मंडळाच्या तर्फे' म्हणतो किंवा कुणाची तरफदारी करतो ते सगळं त्याच घरातलं. पण अरबीत त्यातला त वेगळा, मोहतर्फ्यातला त वेगळा, मराठीत येता येता दोन्ही एकाच त मध्ये मिसळले. मुळात मोहतर्फा तोडायचाच असेल तर मोह-तर्फा असा तुटतच नाही, ह, र, फ ही त्याची तीन हाडं आहेत आणि मधला त हा प्रत्ययाचा भाग आहे. (हरफनमौला यातलाच का, असं हमखास कुणीतरी विचारतं. नाही. तो हर + फन, म्हणजे प्रत्येक कलेतला उस्ताद. अर्थाने किती जवळ आलाय बघा, पण रक्ताचं नातं नाही.)

'बिन' बद्दल तुम्ही विचारलं नाहीये, तरी सांगतो कारण त्यात मी स्वतः आपटलोय. पहिल्यांदा असा कागद हातात आला तेव्हा 'संतू बिन मालजी' वाचून मला वाटलं मालजीशिवायचा संतू, म्हणजे बाप वारलेला असणार, बिनपगारी-बिनकामाचा मधलं बिन. छान करुण कथा रचली मनात. प्रत्यक्षात हे बिन अरबी, म्हणजे चा मुलगा. त्याच जागी 'वलद' पण दिसतं, अर्थ तोच. बायकांच्या नावापुढे 'कोम' किंवा 'जौजे' आलं तर अमक्याची बायको, 'बेवा' आलं तर विधवा. त्यामुळे राणू बिन धोंडजी या एवढ्याशा तुकड्यात तुम्हाला दोन पिढ्या मिळाल्यात, आणि आडनाव नाहीये म्हणून नाराज होऊ नका, अशा याद्यांत ते बहुतेक वेळा नसतंच. बाप, गाव आणि धंदा एवढ्यावर कारकुनाचं भागायचं.

खरी गंमत पुढे आहे. वंशावळ शोधणारे आपल्याकडे सरळ सातबारा नाहीतर फेरफार काढतात, फार तर त्र्यंबकेश्वराला किंवा नाशिकला जाऊन तीर्थोपाध्यायांच्या वह्या बघतात, आणि २०२३ ला न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्यापासून कोतवाल बुक, गाव नमुना १४, खासरा पत्रक हे शब्द चहाच्या टपरीवर सुद्धा माहीत झालेत. ते सगळं ठीकच. पण जमिनीच्या कागदात फक्त जमीनवाला सापडतो. ज्याच्याकडे जमीनच नाही, माग आहे, घाणा आहे, पानाची टपरी आहे, तो माणूस सरकारच्या नजरेत यायचा तो अशा फुटकळ करांतूनच. जमाखर्चात 'ऐन जमा' म्हणजे मुख्य जमिनीचं उत्पन्न, आणि ऐन सोडून बाकी जे येईल ते 'शिवाय जमा'. इतिहास लिहिणारे ऐन बघतात कारण मोठे आकडे तिथे. आपण घरची माणसं शोधणाऱ्यांनी आधी शिवाय उघडायचं, कारण तिथे नावं असतात. सगळीकडे नसतात, कधी कधी नुसती एकूण रक्कम लिहून मोकळे होतात, पण असली तर चांदी.

शिवाय मध्ये मोहतर्फ्याच्या शेजारी काय काय बसलेलं असतं ते बघितलं की थक्क व्हायला होतं. म्हैसपट्टी, म्हणजे म्हशीवर कर. घरपट्टी तर अजून आहे. बटछपाई, म्हणजे वजनमापांवर शिक्का मारायचे पैसे. आणि लग्नटका, लग्नावरचा कर, आणि पाटदाम, पाट लावला म्हणजे विधवेचं दुसरं लग्न झालं तर त्यावरचा कर. आता विचार करा, ज्या काळात जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी नावाची गोष्टच नाही त्या काळात कुणाच्या तरी लग्नाचं साल कुठे लिहिलेलं असेल, तर ते टका भरला त्या साली! आणि पाटदाम सापडला की घरातल्या मोठ्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात, 'आमच्यात पाट नव्हता' असं तीन पिढ्या सांगितलेलं असतं आणि समोर दोन रुपये पाटदाम जमा.

आमच्याकडे पाट नाही निघाला, पण दुसरं निघालं. आजोळी कायम पाटीलकीच्या गप्पा, मामांच्या वाड्याच्या, वतनाच्या. गावची एक जुनी कुळवार यादी बघायला मिळाली तर त्यात आमच्या पूर्वजाच्या नावापुढे स्वच्छ 'उपरी' लिहिलेलं. मिरासदार म्हणजे गावचा वारसाहक्काचा मूळ शेतकरी (मिरास म्हणजे वारसाच), आणि उपरी म्हणजे बाहेरून येऊन जमीन कसणारा, ज्याला आपण आज उपरा म्हणतो तोच. आई दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, मग आलो कुठून ते शोध की. खरं म्हणजे उपरी या एका शब्दाने आमचं काम पुढे गेलं, त्याच गावात अजून मागे मागे खणत बसण्यात अर्थ नाही हे कळलं, पाटीलकीवर विश्वास ठेवला असता तर अजून तिथेच खणत असतो.

तसाच एक शब्द गतकूळ. कूळ गेलं, संपलं किंवा परागंदा झालं, पण जमीन त्यांच्याच नावाने ओळखली जाते. देशावर गावाच्या मूळ कुळांच्या जमिनींना थळ म्हणायचे आणि त्यांचा तपशील म्हणजे थळझाडा. कर्नल साइक्स नावाचा एक इंग्रज मुंबई सरकारसाठी दख्खनची माहिती गोळा करत हिंडायचा, १८२० नंतरच्या दशकात, त्याला या थळझाड्यांचं भारी कौतुक, कारण ज्या घराण्यातलं एकही माणूस गावात उरलेलं नाही त्यांची नावं सुद्धा त्यात टिकलेली. झाडा म्हणजे झाडून सगळं लिहिलेलं, तपशीलवार पत्रक. आपण आजही 'झाडून सगळे आले होते' म्हणतो ना.

आता तुमच्या कागदाचं साल. तुम्ही म्हणता तारीख नाही, पण लिप्यंतरात खाली 'सन खमस सबैन मया व अलफ' आहे आणि ते मंत्र वगैरे असेल असं समजून सोडून दिलंय. तीच तारीख आहे. शुहूर सन, आपले लोक सुरसन पण म्हणायचे, आकडे अरबीत आणि एकम आधी. खमस पाच, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. पाच-सत्तर-शंभर-हजार, म्हणजे ११७५. (पाच आधी आणि सत्तर नंतर हे विचित्र वाटत असेल तर पंच्याहत्तर म्हणून बघा.) हे वर्ष मृगापासून सुरू होतं, म्हणून जून ते डिसेंबरसाठी ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. तुमचा कागद १७७४-७५ चा. निजामाकडच्या कागदात फसली सन दिसेल, तिथे ५९० किंवा ५९१ मिळवायचे, या दोघांची गल्लत करू नका, नाहीतर पणजोबा खापरपणजोबांच्या आधी जन्माला येतात.

आणि साल नसतं तरी मोहतर्फा शब्दावरून एक टोक धरता आलं असतं. मुंबई इलाख्यात इंग्रजांनी १८४४ च्या १९ व्या कायद्याने शहरातल्या जकाती, मोहतर्फा, बलुत्यावरचे कर असं धंद्यावरचं सगळंच एकदम काढून टाकलं. त्यामुळे खालसा (म्हणजे थेट इंग्रजांच्या अमलातल्या) मुलखातल्या यादीत मोहतर्फा दिसला की ती साधारण त्याच्या आधीची धरायची, संस्थानी मुलखाचा हिशेब वेगळा. विणकर-तेल्यांना हायसं वाटलं असेल, पण सरकारने ते पैसे मिठावर वसूल करायचं ठरवलं, मणाला आठ आण्याचा कर एक रुपया केला आणि त्याच वर्षी सुरतेत दंगा झाला, मग बारा आण्यांवर आले. म्हणजे राणूच्या नातवाचा मागावरचा कर गेला आणि मीठ महागलं. वंशावळ शोधणाऱ्याचं नुकसान वेगळंच, मिठाच्या करात कुणाचं नाव लिहीत नाहीत.

आता एक नावडती गोष्ट. तुमचा राणू तो हाच, हे अजून ठरलेलं नाही. राणू, धोंडी, तुकोजी ही नावं त्या काळी गल्लोगल्ली होती, आणि तुम्हीच लिहिलंय की घरात कुणी विणकर असल्याचं कधी ऐकलं नाही. ते ऐकलं नाही म्हणून खोटं असं नाही, माग बंद पडले आणि लोक शेतीकडे, गिरण्यांकडे गेले ही लाखो घरांची गोष्ट आहे. पण खात्री करायची रीत एकच, पुढच्यामागच्या सालच्या याद्या मिळवायच्या आणि एकटा राणू न बघता त्याच्या वरची दोन आणि खालची दोन नावं पण उतरवून ठेवायची. बरेचदा याद्या घरांच्या क्रमाने होतात, शेजारी फारसे बदलत नाहीत, त्यामुळे तोच शेजार तीन यादींत दिसला आणि मध्ये राणू बिन धोंडजीच्या जागी अमुक बिन राणू आलं तर समजायचं की राणू मधल्या वर्षांत गेला किंवा थकला. तो अमुक जर तुमच्या आजीच्या यादीतलं नाव निघाला तर पेढे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात प्रांतवार हिशेबांचे रुमाल आहेत (रुमाल म्हणजे कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं, खिशातला नव्हे), पण तिथे जायचं तर हातात गावाचं आणि परगण्याचं नाव पाहिजे, 'राणू शोधतोय' म्हणून काही मिळत नाही.

आणि इथेच माझी शंका आहे. ट्रंक आत्यांची. म्हणजे कागद त्यांच्या माहेरचा, का सासरचा? सासरी कुलकर्णपण वगैरे होतं का ते विचारा, कारण गावचे हिशेब कुलकर्ण्यांच्या घरी पडून राहायचे आणि तिथून ट्रंकेत येणं सगळ्यात सोपं. तसं असेल तर हा राणू आत्यांच्या सासरच्या गावचा कुणीतरी कोष्टी आणि तुमचा काहीच नाही. तुम्ही पाठवलेल्या फोटोत वरची डावी बाजू कापली गेलीय, 'मौजे' पर्यंत दिसतं आणि पुढे अंगठा आलाय. अंगठा काढून तेवढा कोपरा परत पाठवा, गावाचं नाव त्याच्याखाली आहे.