आधी ओळख, मग अर्ज

पोरी,

तुझा मेसेज वाचला. लिंक्डइनवर इतके अर्ज टाकले आणि एका ठिकाणाहूनही उलट फोन आला नाही, म्हणून तू खचली आहेस. काल रात्री बसून तुझं प्रोफाइल वरपासून खालपर्यंत वाचलं. तुझ्या शिक्षणात आणि कामात काही उणं नाही. पण कोल्हापूरजवळच्या शिरोलीत, वितळलेला धातू ओतून सुटे भाग म्हणजे कास्टिंग बनवणाऱ्या फाउंड्रीत तू दिवसभर जे करतेस, त्यातलं तिथे काहीच दिसत नाही.

तुझ्या नावाखाली ‘पॅशनेट मेकॅनिकल इंजिनिअर, सीकिंग ऑपर्च्युनिटीज’ असं लिहिलं आहे. कंपनीत माणसं शोधणारे लोक प्रोफाइलं वाचत बसत नाहीत. ते सर्चमध्ये शब्द टाकतात: गाव, हुद्दा, काम. ‘पॅशनेट’ हा शब्द टाकून कुणीही कास्टिंगचा क्वालिटी इंजिनिअर शोधत नाही. त्या ओळीत 220 अक्षरं बसतात, ती कामी आण. ‘क्वालिटी इंजिनिअर, ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न कास्टिंग, सँड टेस्टिंग, रिजेक्शन अ‍ॅनालिसिस, कोल्हापूर’ असं लिही. इंग्रजीतच लिही, कारण शोधणारे इंग्रजीतच शोधतात. खाली अनुभवाच्या जागी ‘रिस्पॉन्सिबल फॉर क्वालिटी’ एवढ्यावर भागवू नकोस. कास्टिंगमध्ये हवेच्या पोकळ्या, म्हणजे ब्लोहोल, वाढले तेव्हा तू साच्याच्या वाळूचा ओलावा आणि परमिएबिलिटी, म्हणजे तिच्यातून हवा किती जाते ते, रोज तपासून नोंदी ठेवल्यास, कुठल्या पाळीत त्रास जास्त आहे ते शोधून काढलंस, हे मला तूच सांगितलं होतंस. ते तिथे का नाही? फाउंड्रीतला कुठलाही जाणता माणूस ते वाचून थांबेल.

एक जपायचं. कास्टिंगचे फोटो, ड्रॉइंग, गिऱ्हाईक कंपनीचं नाव, रिजेक्शनचे खरे आकडे यातलं काहीही तिथे टाकायचं नाही. ते मालकाचं आहे. काय केलंस ते सांग, कुणाच्या पार्टवर केलंस ते सांगू नकोस.

आता मुख्य मुद्दा. तू फक्त अर्ज टाकतेस. ‘ईझी अप्लाय’चं बटण तुझ्यासारखंच सगळे दाबतात आणि त्या ढिगात चांगलं प्रोफाइलही बुडतं. या साइटचं खरं बळ ओळखीत आहे, आणि तेही अर्धवट ओळखीत. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने 1973 साली हे मांडलं: नोकरीची बातमी जिवाभावाच्या माणसांपेक्षा जेमतेम ओळखीच्या माणसांकडून जास्त मिळते. कारण जवळच्यांना जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं. पुढे लिंक्डइनच्याच सुमारे 2 कोटी लोकांवर काही वर्षं प्रयोग झाले, त्याचे निष्कर्ष 2022 साली आले. अगदी घट्ट ओळखीही नाहीत आणि अगदी नावापुरत्याही नाहीत, अशा मधल्या ओळखींचा नोकरी बदलायला सर्वांत जास्त उपयोग झाला होता.

कोल्हापुरात तर हे आपण रोज बघतो. तुझ्या वर्गातल्या मुलींना माहीत असलेल्या जागा तुलाही माहीत आहेत. तुझ्याआधी चार-पाच वर्षं पास झालेला आणि आता चाकणला किंवा बेंगळुरूला असलेला माणूस तुला चेहऱ्याने ओळखत नाही, पण गोकुळ शिरगावची एमआयडीसी म्हटलं की त्याला रस्ता आठवतो. असा माणूस गाठायचा. लिंक्डइनवर कॉलेजच्या पानावर माजी विद्यार्थ्यांची यादी असते. कोण कुठल्या गावात, कुठल्या कंपनीत, काय काम करतं ते तिथे गाळून बघता येतं. 1962 पासून शिवाजी विद्यापीठाच्या पदव्या घेऊन माणसं जगभर गेली आहेत. त्यातली फाउंड्री, मशिनिंग, क्वालिटी या कामांतली निवड. तुझा वेळ अर्जांपेक्षा या यादीवर जाऊ दे.

पाठवायचा निरोप छोटा ठेव. फुकटच्या खात्यावर रिक्वेस्टसोबत असे निरोप महिन्याला मोजकेच जातात, म्हणून नीट निवडून पाठव. ‘सर, प्लीज जॉब असेल तर सांगा’ असं अजिबात लिहू नकोस. तसं लिहिलं की समोरचा अवघडतो, आणि अवघडलेला माणूस उत्तरच देत नाही. असं लिही: ‘सर, मी तुमच्याच कॉलेजची, शिरोलीत फाउंड्रीत क्वालिटीला आहे. तुम्ही ग्रे आयर्नमधून अ‍ॅल्युमिनियम डाय कास्टिंगकडे गेलात. तिकडे कोणती गोष्ट नव्याने शिकावी लागली, एवढंच विचारायचं होतं.’ आपल्या कामाबद्दल कुणी मनापासून विचारलं की माणूस बोलतो. उत्तर आलं की आभार मान, सांगितलेलं करून बघ आणि काही दिवसांनी काय झालं ते कळव. जागेचा विषय मग पुष्कळदा तोच काढतो. नाही काढला, तर तेव्हा तू विचार. तेव्हा विचारण्यात काही गैर नाही.

‘ओपन टू वर्क’ ही नोकरी शोधत असल्याची खूण सुरू करताना ‘फक्त रिक्रूटरना दिसू दे’ हा पर्याय घे, फोटोभोवतीची हिरवी पट्टी नको. तरीही आपल्या कंपनीपर्यंत बातमी जाणारच नाही, अशी हमी ती साइटही देत नाही. आणि इथे शिरोलीतली गोष्ट उद्यमनगरात पोचायला संध्याकाळ लागत नाही.

कोल्हापुरातच राहायचं असेल तर मात्र नुसत्या स्क्रीनवर विसंबू नकोस. इथल्या लहान फाउंड्र्या जागा ऑनलाइन टाकत नाहीत. सुपरवायझर दुसऱ्या सुपरवायझरला फोन करतो आणि माणूस ठरतो. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमेनची कोल्हापूर शाखा आहे, तिच्या तांत्रिक व्याख्यानांना जा. तिथे ज्यांच्याशी दोन शब्द बोलशील त्यांना त्याच रात्री लिंक्डइनवर जोडून घे, चेहरा लक्षात असतो तोवर.

ऑफर लेटरसाठी, ट्रेनिंगसाठी किंवा डिपॉझिट म्हणून कुणी पैसे मागितले की तिथेच संवाद तोड, कंपनीचं नाव कितीही मोठं सांगोत. पैसे गेलेच तर लाजून घरी बसू नकोस, लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन कर. जितका उशीर, तितकी रक्कम अडवणं अवघड.

या आठवड्यात एवढंच कर: नावाखालची ओळ बदल, अनुभवाचा भाग नव्याने लिही आणि ज्यांना निरोप पाठवायचे त्यांची यादी काढ. यादी मला दाखव. त्यातले दोघेतिघे माझ्या ओळखीचे निघतील, त्यांना मी आधी फोन करून ठेवतो.

तुझा,
काका