जॉकी: घोड्यावरचा, रेडिओवरचा आणि कपाटातला

‘रेसच्या घोड्यावर बसतो तो जॉकी, एफएमवर बडबडतो तोही जॉकी आणि दुकानात जाऊन आपण मागतो ती बनियनसुद्धा जॉकी. हे तिन्ही एकच का? मुळात जॉकी म्हणजे काय? मराठीत त्याला काय म्हणावं?’ असं एका वाचकाने विचारलं आहे.

थोडक्यात सांगायचं तर जॉकी म्हणजे जॉक्या. आपल्याकडे रामाचा राम्या आणि गणपतचा गण्या होतो, तसा स्कॉटलंडमध्ये जॉकचा जॉकी झाला. पहिले दोन जॉकी सख्खे आहेत. तिसऱ्याच्या कुळाबद्दल जरा कुरबुर आहे, तिकडे नंतर येतो.

जॉक हे जॉनचं घरगुती रूप. इंग्रज आई जॉनला लाडाने जॅक म्हणते, स्कॉटलंडच्या सखल भागातली आई जॉक म्हणते. वर डोंगराळ मुलखात गेलिक भाषा चाले, तिथे त्याच जॉनचा इअन झाला. सगळ्यांचं मूळ हिब्रू योहानान, म्हणजे ‘देवाची कृपा’. मराठी बायबलात तो योहान होऊन आला आणि पोर्तुगिजांबरोबर गोव्यात जुआंव होऊन उतरला. २४ जूनला डोक्यावर फुलापानांची कोपेल घालून गोवेकर विहिरीत उड्या मारतात, त्या सांजांवातला ‘जांव’ आणि एडिंबरोचा जॉक हे असे दूरचे चुलतभाऊ.

एखादं नाव गावोगाव फार झालं की ते एका माणसाचं राहत नाही. मुंबईत एके काळी कोकणातून आलेल्या घरगड्याचं खरं नाव विचारायच्या भानगडीत कोणी पडत नसे, तो ‘रामा’च असायचा. शब्दकोशातही रामागडी जाऊन बसला. हवालदाराचा पांडू झाला, आणि ज्याला काहीच किंमत द्यायची नाही तो सोम्यागोम्या. जॉकचं हेच झालं. स्कॉट्स बोलीत जॉक म्हणजे गावाकडचा कुठलाही पोरगा, त्याच्या जोडीला जेनी म्हणजे कुठलीही पोरगी. ‘आम्ही सगळी जॉक टॅमसनचीच पोरं’ अशी तिकडे एक म्हण आहे. टॅमसन म्हणजे थॉमसन. लहानमोठा, गरीब-श्रीमंत, शेवटी सगळे सारखेच, असा तिचा भाव. हा जॉक टॅमसन नक्की कोण होता ते शोधायला बरेच जण निघतात. मला तो खटाटोप फुकटचा वाटतो. सोम्यागोम्याचा पत्ता कोणी शोधतं का?

ब्रिटिश सैन्यात स्कॉटिश पलटणींतले शिपाई सरसकट ‘जॉक’. इंग्रज शिपायाला ‘टॉमी’ म्हणतात त्यातलाच हा प्रकार. पलटणीतले लोक आपसात हा शब्द अभिमानाने वापरतात, पण लंडनच्या एखाद्या पबमध्ये अनोळखी स्कॉट माणसाला ‘काय रे जॉक’ म्हणून हाक मारली तर त्याच्या कपाळाला आठी पडते. रामा नाव असलेल्याला रामा म्हणणं वेगळं आणि गड्याला रामा म्हणणं वेगळं, तसंच हे.

खरंखुरं टोपणनाव म्हणूनही जॉक खूप चालला. ग्लासगोच्या सेल्टिक फुटबॉल क्लबला १९६७ साली युरोपियन कप जिंकून देणारे प्रशिक्षक जॉक स्टीन हे कागदोपत्री जॉनच होते. चर्चिल यांचे खासगी सचिव जॉन कोलव्हिल हेही सगळ्यांचे जॉक. त्यांनी १९६२ साली चर्चिल यांच्या अठ्ठ्याऐंशीव्या वाढदिवसाला नारिंगी रंगाचा एक बोका भेट दिला, तेव्हा त्या बोक्याचं नावही जॉकच ठेवलं गेलं. चर्चिल यांच्या चार्टवेल या घरात नेहमी असाच एक जॉक असावा अशी कुटुंबाची इच्छा होती, आणि ती आजवर पाळली जाते. देणाऱ्याचं नाव बोक्याला लागलं, हे मला फार आवडतं.

आता घोडा. जॉकला लाडाचा ‘ई’ लागून जॉकी झाला. शेक्सपिअरच्या तिसऱ्या रिचर्डच्या नाटकात १४८५च्या बॉसवर्थच्या लढाईआधी नॉरफकच्या ड्यूकच्या तंबूत एक चिठ्ठी सापडते. तिच्यात त्याला ‘जॉकी ऑफ नॉरफक’ म्हटलं आहे. या जॉकीचा रेसशी काही संबंध नाही, ड्यूकचं नाव जॉन हॉवर्ड होतं एवढंच. चिठ्ठी लिहिणारा त्याला चक्क ‘जॉन्या’ म्हणतोय!

पुढे तबेल्यात राबणारी, घोडे फिरवणारी पोरं म्हणजे जॉकी असं ठरत गेलं. घोड्यांच्या व्यापाऱ्यालाही जॉकी म्हणू लागले, आणि घोड्यांचा व्यापारी म्हटल्यावर लबाडी आलीच. म्हाताऱ्या घोड्याला तरणा म्हणून गळ्यात मारणाऱ्यांची ती जात. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५च्या कोशात जॉकीचे तीन अर्थ आहेत: शर्यतीत घोडा पळवणारा, घोड्यांचा व्यापारी आणि लबाड माणूस. हा शब्द स्कॉट लोकांच्या उच्चारातून आला, आधी कुठल्याही पोराला म्हणत, अशी व्युत्पत्तीही त्याने तिथेच दिली आहे. स्कॉट लोकांची टर उडवायची एकही संधी न सोडणाऱ्या या गृहस्थाने इथे मात्र मुकाट्याने श्रेय दिलं, याची गंमत वाटते. जागा पटकावण्यासाठी डावपेच लढवणं या अर्थाचं इंग्रजी क्रियापदही याच लबाड जॉकीचं.

साधारण त्याच सुमाराला इंग्लंडात जॉकी क्लब निघाला. त्याचे सभासद घोड्यावर बसून पोट भरणारे नव्हते, घोडे पाळणारे उमराव होते. घोड्यांच्या नादी लागलेला कोणीही तेव्हा जॉकी म्हणवून घेऊ शकत होता. फक्त स्वार हा आजचा नेमका अर्थ नंतर घट्ट झाला. तोच इंग्रजांबरोबर मुंबई-पुण्याच्या रेसकोर्सवर आला आणि आपल्या वर्तमानपत्रांच्या रेसच्या पानांवर कायमचा बसला.

घोड्यावरून रेडिओवरची उडी अमेरिकेत पडली. एकामागून एक तबकड्या लावून कार्यक्रम चालवणाऱ्याला तिथे १९४०च्या आसपास ‘डिस्क जॉकी’ म्हणू लागले. घोड्याऐवजी तबकडीचा लगाम हातात, ही कल्पना. मग टीव्हीवर गाण्यांच्या चित्रफिती दाखवणारा व्हिडिओ जॉकी, म्हणजे व्हीजे झाला. आपल्याकडे २००१पासून खासगी एफएम केंद्रं सुरू झाली आणि रेडिओ जॉकी, म्हणजे आरजे, घराघरांत पोचला. आरजेच्या हातात तर तबकडीही नसते, असतो तो संगणक. नुसतं नाव तेवढं घोड्यावर.

राहिला कपाटातला जॉकी. १८७४च्या सुमारास अमेरिकेत, खडबडीत फरसबंदीवरून सायकल चालवणाऱ्यांचे हाल पाहून, पुरुषांसाठी आधारपट्टा तयार झाला. तो पुढे ‘जॉकस्ट्रॅप’ म्हणून ओळखला गेला. त्यातला ‘जॉक’ म्हणजे पुरुषाचं गुप्तांग. हा जॉक आपल्या स्कॉटिश जॉकपासून आला की चोरांच्या बोलीतल्या ‘जॉकम’ या जुन्या शब्दापासून, यावर कोशकारांचं एकमत नाही. जानेवारी १९३५ मध्ये शिकागोत कूपर्स कंपनीने तसाच आधार देणारी आखूड चड्डी बाजारात आणली आणि त्या पट्ट्याची आठवण राहील असं नाव दिलं: जॉकी. बाहेर बर्फाचं वादळ असूनही ती भराभर खपली. नाव इतकं चाललं की पुढे कंपनीनेही तेच घेतलं. तेव्हा बनियनच्या लेबलवर दिसतो तो शब्द रेसकोर्सवरून थेट आलेला नाही. तो पट्ट्याच्या वाटेने आला आहे. अमेरिकी कॉलेजांत खेळाडू पोरांना ‘जॉक’ म्हणतात, तेही या पट्ट्यावरूनच, स्कॉटलंडवरून नव्हे.

मराठी प्रतिशब्दाचं म्हणाल, तर आरजेला आकाशवाणीवरचा आपला ‘निवेदक’ छान चालतो, फक्त तो ऐकला की आवाज आपोआप गंभीर होतो. घोड्यावरच्याला ‘स्वार’ म्हणून पाहिलं, पण स्वार म्हटल्यावर डोळ्यांपुढे भाला येतो. तिथे मी जॉकीच लिहितो. नाहीतरी राम्या, गण्या यांच्या पंगतीत तो परका वाटत नाही.