रोज शास्त्रवाचन सुरू करताय? मार्कपासून करा

पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, पहिल्या पानापासून वाचायचा हट्ट धरू नका. उत्पत्ती भराभर सरतं, पण निर्गमच्या उत्तरार्धात निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापं सुरू झाली, पुढे लेवीयातले अर्पणांचे नियम आले, की भलेभले थांबतात. ती पुस्तकं मोलाचीच आहेत, फक्त सुरुवातीला नकोत.

मार्ककृत शुभवर्तमान, म्हणजे मार्कनं सांगितलेली येशूची कथा, घ्या. 16 अध्याय आहेत. रोज एक वाचलात तरी सोळा दिवसांत पुरं होतं. वाचण्याआधी दोन शब्द प्रार्थना करा आणि मोठ्यानं वाचा, म्हणजे डोळे पुढे पळत नाहीत. चौथ्या अध्यायात वादळ उठलंय, तारवात पाणी भरतंय आणि प्रभू येशू मागच्या बाजूला उशीवर निजलाय. ही उशी मत्तय, लूक हे बाकीचे शुभवर्तमानकार सांगत नाहीत, मार्क सांगतो. अशा ठिकाणी थांबा. त्या दिवशी अध्याय अर्धा राहिला तरी चालेल!

वेळ मात्र ठरलेली हवी. सकाळच्या चहाआधीची उत्तम, कारण एकदा मोबाईल हातात आला की संपलंच. मध्ये एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन अध्याय रेटू नका, राहिला तिथूनच पुढे चला.

रात्री स्तोत्रसंहितेतलं एखादं स्तोत्र वाचा. 119वं 176 ओव्यांचं आहे, पण त्याचे आठ-आठ ओव्यांचे 22 भाग पडतात, तेव्हा रोज एक भाग पुरे. मार्क संपला की लूक आणि लगेच प्रेषितांची कृत्ये वाचा, कारण ती एकच सलग कथा आहे.