एकच प्रथिन धर आणि पाच प्रश्न विचार

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

पेशी, अनुवंश, उत्क्रांती, ऊर्जा आणि शरीराचा अंतर्गत समतोल या पाचही कल्पना तुला पाठ आहेत, पण त्या एकमेकींना कुठे भेटतात ते कळत नाही, असं तू लिहिलं आहेस. पुस्तकात त्या पाच वेगळ्या प्रकरणांत येतात, त्यामुळे असं होणारच. माझा सल्ला सरळ आहे: एकच वस्तू निवड आणि पाचही प्रश्न तिलाच विचार. मी तुझ्यासाठी हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं प्रथिन, निवडतो आहे.

सुरुवात पेशीपासून कर. माणसाच्या एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. पक्व झालेल्या या पेशीत केंद्रक नसतं, ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रियाही नसतात. ‘मग तिला ऊर्जा कुठून मिळते?’ हा प्रश्न इथेच विचारायचा, श्वसनाच्या धड्याची वाट बघायची नाही. ती ग्लुकोजचं ऑक्सिजनविना विघटन करते आणि एका रेणूमागे एटीपीचे, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचे, निव्वळ दोनच रेणू मिळवते. हा सौदा तोट्याचा दिसतो, पण त्यामुळे जो ऑक्सिजन पोचवायचा तो ही पेशी स्वतः वापरत नाही. मिळालेल्या एटीपीतला बराचसा भाग सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत ठेवणाऱ्या पंपावर खर्च होतो. तो पंप चालू असतो म्हणून पेशीचं आकारमान टिकतं. म्हणजे एका पेशीतच ऊर्जा आणि समतोल भेटले.

आता अनुवंश. हिमोग्लोबिन ज्या साखळ्यांचं बनतं त्यांतल्या बीटा ग्लोबिनचं जनुक आपल्या ११व्या गुणसूत्रावर असतं आणि त्याच्या सूचनेनुसार १४६ अमिनो आम्लांची साखळी तयार होते. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारात डीएनएच्या तीन अक्षरांच्या एका त्रिकात जीएजीच्या जागी जीटीजी येतं. त्यामुळे साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. ग्लुटामिक आम्लावर ऋण प्रभार असतो आणि त्याला पाणी मानवतं. व्हॅलिन प्रभारहीन असतं, पाण्यापासून दूर राहू पाहतं. ऑक्सिजन सोडलेल्या हिमोग्लोबिनवर एक खोलगट जागा उघडी पडते, तिथे शेजारच्या रेणूचं व्हॅलिन अडकतं आणि रेणूंचे लांब तंतू बनतात. पेशी विळ्यासारखी वाकते. एरवी सुमारे १२० दिवस जगणारी ही पेशी मग १० ते २० दिवसांतच नष्ट होते.

इथे जरा थांब, कारण बहुतेक विद्यार्थी एक गोष्ट सोडून देतात: वेळ. ऑक्सिजन गेला की तंतू लगेच बनत नाहीत, मध्ये थोडा विलंब असतो. तेवढ्यात पेशी फुप्फुसात परत पोचली, तर काहीच बिघडत नाही. हा विलंब पेशीतल्या हिमोग्लोबिनच्या संहतीवर (दाटपणावर) फार तीव्रपणे अवलंबून असतो. शरीरातलं पाणी कमी झालं, पेशी थोडी आकसली, की संहती वाढते आणि विलंब झपाट्याने घटतो. ताप, जुलाब, उन्हातली मेहनत किंवा उंच ठिकाणचा विरळ ऑक्सिजन यांनी रुग्णाला वेदनेचे झटके का येतात, ते यावरून कळतं. सिकलसेलच्या रुग्णाला भरपूर पाणी प्यायला सांगतात, त्यामागे हे भौतिकशास्त्र आहे.

प्रबळ आणि अप्रबळ या शब्दांशी जपून वाग. सिकलचं जनुकरूप (जनुकाची बदललेली आवृत्ती) अप्रबळ आहे, असं तू बेधडक लिहिशील. आजाराच्या पातळीवर ते जवळजवळ खरं आहे, कारण वाहक, म्हणजे ज्याच्याकडे सिकलची एकच प्रत आहे तो, सहसा निरोगी असतो. पण वाहकाच्या रक्ताचं विद्युतसंचारण केलं, म्हणजे विजेच्या साहाय्याने त्यातली प्रथिनं प्रभारानुसार वेगळी केली, तर साधं आणि सिकल असे दोन्ही पट्टे दिसतात. प्रत्येक बीटा साखळीवरचा एक ऋण प्रभार गेल्यामुळे सिकल हिमोग्लोबिन धनाग्राकडे हळू सरकतं. म्हणजे प्रथिनाच्या पातळीवर दोन्ही रूपं बरोबरीने व्यक्त होतात. मलेरियाच्या प्रदेशात तर साध्या हिमोग्लोबिनचा माणूस आणि रुग्ण या दोघांपेक्षाही वाहक सरस ठरतो. तेव्हा ‘प्रबळ’ लिहिण्यापूर्वी कोणत्या पातळीवर ते ठरव.

उत्क्रांतीचा प्रश्न इथूनच निघतो. इतकं घातक जनुकरूप टिकलं कसं? वाहकांना फाल्सिपेरम या घातक प्रकारच्या मलेरियाच्या गंभीर आजारापासून बरंच संरक्षण मिळतं, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या निरीक्षणांवरून मांडलं. एक गणित कर. समजा, मलेरियाच्या प्रदेशात साध्या हिमोग्लोबिनच्या लोकांचं प्रजननयश वाहकांपेक्षा ०.१ ने कमी आहे आणि रुग्णांचं १ ने, म्हणजे शून्य. पिढ्यांनंतर समाजात स्थिर झालेलं सिकल जनुकरूपाचं प्रमाण ०.१ भागिले (०.१ + १), म्हणजे सुमारे ०.०९. वाहक २ × ०.९१ × ०.०९, साधारण १६ टक्के. रुग्ण म्हणून जन्मणारी बाळं ०.०९ × ०.०९, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. थोड्यांच्या जिवावर बेतणारं जनुकरूप समाजात का टिकतं, ते या तीन आकड्यांत दिसतं. मात्र ‘मलेरियापासून वाचवण्यासाठी निसर्गाने हा बदल घडवला’ असं कधीही लिहू नकोस. बदल योगायोगाने होतो, निवड नंतर होते.

हे आपल्यापासून दूरचं नाही. गडचिरोली, नंदुरबार यांसारख्या जिल्ह्यांतल्या आदिवासी समाजांत वाहकांचं प्रमाण लक्षणीय आहे. तिथे तपासणीत काय चुकतं तेही समजून घे. साध्या विद्राव्यता चाचणीत रक्ताचं द्रावण गढूळ झालं तर सिकल हिमोग्लोबिन आहे एवढंच कळतं. वाहक की रुग्ण, ते कळत नाही. त्यासाठी विद्युतसंचारण किंवा एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी यंत्रचाचणी) लागते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात विद्राव्यता चाचणी फसू शकते, कारण तेव्हा गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन भरपूर असतं. त्यात बीटाऐवजी गॅमा साखळ्या असतात आणि त्या तंतूत सामील होत नाहीत, म्हणून बाळाला त्रासही उशिरा सुरू होतो. हायड्रॉक्सियुरिया हे औषध याच गर्भकालीन हिमोग्लोबिनचं प्रमाण वाढवतं. २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झालेला जनुक-संपादनाचा उपचारही त्याच हिमोग्लोबिनचं बंद झालेलं जनुक पुन्हा चालू करतो. आणखी एक: आईवडील दोघेही वाहक असले तर मूल आजारी असण्याची ‘चारपैकी एक’ ही शक्यता प्रत्येक गर्भारपणात नव्याने लागू होते. पहिलं मूल आजारी म्हणून पुढची तीन सुरक्षित, असा समज फार पसरलेला आहे आणि फार नुकसान करतो.

शेवटचं काम शेतातलं. फुलोऱ्यात आलेलं भुईमुगाचं झाड शोध. ते उपटू नकोस. हिसक्याने गाठी तुटून मातीत राहतात. बाजूने खणून मातीच्या ढेकळासकट काढ आणि बादलीभर पाण्यात सोडून माती आपोआप सुटू दे. मुळांच्या बाजूला चिकटलेल्या गाठी बोटाने सहज निघतात. निघाली नाही आणि मूळच फुगलेलं वाटलं, तर ती सूत्रकृमीची गाठ असू शकते. खरी गाठ ब्लेडने काप. आतून गुलाबी-लाल दिसली तर तो रंग लेगहिमोग्लोबिनचा आहे, आपल्या हिमोग्लोबिनच्याच ग्लोबिन कुळातलं प्रथिन. ते झाडाच्या जनुकावरून बनतं आणि गाठीतल्या जिवाणूंना श्वसनापुरता ऑक्सिजन पोचवतं. मोकळा ऑक्सिजन मात्र अत्यल्प ठेवतं, कारण हवेतलं नत्र झाडाला वापरता येईल अशा रूपात आणणारं जिवाणूंचं विकर ऑक्सिजनने निकामी होतं. नत्राच्या एका रेणूमागे किमान १६ एटीपी खर्च होतात. म्हणूनच भरपूर युरिया दिलेल्या वाफ्यात गाठी कमी दिसतील: मातीत नत्र आयतं मिळत असताना झाड हा खर्च टाळतं.

युरिया दिलेल्या आणि न दिलेल्या वाफ्यांतली पाच-पाच झाडं घे. झाडागणिक गाठी मोज आणि त्यांतल्या दहा कापून आतून गुलाबी किती, हिरवट किंवा पांढऱ्या किती, ते लिही. कापल्याबरोबर नोंद कर. हवेत रंग बदलतो. आकडे आणि वरच्या गणितात ०.१ ऐवजी ०.२ घेऊन आलेलं उत्तर, दोन्ही मला पाठव.